एकेचाळीस फुलदाण्यांत पाणी

मी काय करून बसलो ते मला मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास कळलं. सांगितलं ते भिंगवाल्याने, आणि त्याच्याकडून कळावं याचा राग मला अजून आहे.

भिंगवाला म्हणजे हिच्या मंडळातला एक गृहस्थ. मंडळ म्हणजे सहा-सात माणसं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या जर्मन फुलदाण्या बघायच्या. नुसत्या बघायच्या. फूल एकाही फुलदाणीत कधी कुणी घातलं नाही. बघायचं म्हणजे काय, तर हातात आली की आधी उलटी करायची. बुडावर आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा आकाराचा, दुसरा उंचीचा, सेंटिमीटरमध्ये. ते वाचून मंडळी माना डोलवतात. वरची झिलई जाड, खडबडीत, फोड आल्यासारखी. काहींवर लाल-काळे ओघळ. भाजताना भट्टी बिघडली असावी असं वाटतं. त्या ओघळांना ही मंडळी लावा म्हणतात. कपाळावर चष्मा चढवून, खिशातलं भिंग काढून, अर्धा अर्धा तास लावा.

ही गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते. हिने वीस वर्षांत एकेचाळीस फुलदाण्या जमवल्या होत्या. बैठकीच्या खोलीत तीन भिंतींना फळ्या, त्या फळ्या मीच ठोकलेल्या. टीव्ही कोपऱ्यात, कारण भिंत त्यांची. मी प्लंबर. आयुष्यभर लोकांच्या मोऱ्यांखाली आडवा पडून काम केलं. पाणी धरत नाही ते भांडं नाही, एवढं मला कळतं. ही म्हणायची, यातल्या काही झिरपतात, जुनी माती आहे. मी म्हणायचो, मग घरात कशाला ठेवल्यास. ती म्हणायची, तुम्ही पण झिरपता, तुम्हाला ठेवलंय की.

चार महिन्यांनी मी ठरवलं की विकून टाकायच्या. मंडळाला निरोप धाडला. पण मी खोटा माल विकणारा माणूस नाही. घेणाऱ्याला सांगता आलं पाहिजे, ही धरते, ही गळते. तेव्हा मी आमच्या धंद्यात करतात तेच केलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस काठोकाठ भरल्या, खाली कोरडं वर्तमानपत्र घातलं आणि रात्रभर ठेवल्या. सकाळी कागद ओला, तर गळती. याहून सोपी आणि खरी परीक्षा नाही. सातांखालचा कागद दमट झाला होता. एक तर तासाभरातच पार रिकामी झाली, मोरपिशी रंगाची, बुटकी. ती मी फेकायला म्हणून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली.

बाकीच्या ओतल्या तेव्हा बहुतेकींच्या तळाशी कागदाचा लगदा निघाला. निळसर. मला वाटलं, दुकानदार आत कागद कोंबतात तो. हिने काढलासुद्धा नाही म्हणून मनात चिडलोही. बाटल्या धुवायचा ब्रश घातला, खरवडून काढला, मोरीत वाहून गेला. मोरी तुंबू नये म्हणून वरून गरम पाणी ओतलं. काम चोख केलं.

मग मंगळवारी भिंगवाला आला. ही गेली त्याबद्दल दोन वाक्यं बोलला, दारात, चपला काढता काढता, म्हणजे तेवढा वेळ वाया गेला नाही. आत येऊन त्याने पहिली फुलदाणी उचलली, उलटी केली आणि हलवून कानाशी धरली. दुसरी घेतली, तिलाही कानाशी. मला वाटलं, याचं हेही खूळ असेल.

"वहिनींच्या वाजत असत," तो म्हणाला. "चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

मी विचारलं, कसल्या चिठ्ठ्या. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी लोकांच्या नळाकडे बघतो. मग त्याने सांगितलं. ही प्रत्येक फुलदाणी घेतली की त्याच दिवशी एक चिठ्ठी लिहायची. कुठे मिळाली, कुणाकडून, त्या दिवशी काय झालं. घडी घालून मानेतून आत सोडायची. घडी आत सैल व्हायची आणि उलटं केलं तरी बाहेर पडायची नाही. मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. वाचलेली कुणीच नव्हती, पण वाजते हे ठाऊक होतं.

मी म्हटलं, मी त्या धुतल्या.

"धुतल्यात," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "झिलईला ब्रश लागला नाही ना?"

मी त्याला जायला सांगितलं. तो चपला घालतानाही त्या लाल उंच फुलदाणीकडे बघत होता.

तो गेल्यावर मला त्या मोरपिशी फुलदाणीची आठवण झाली. ती कचऱ्याच्या डब्याशेजारीच होती. पाणी तासाभरात गेलं होतं म्हणून आतला कागद भिजला होता, पण विरघळला नव्हता. फेकायचीच म्हणून मी तिला ब्रश लावला नव्हता. पाइपाच्या चरीत पडलेला वॉशर काढायची माझ्याकडे लांब चिमटी आहे. त्या चिमटीने तो कागद काढला. आयुष्यात इतक्या हळू मी काही काढलं नाही. शाईने लिहिलेलं असतं तर गेलंच असतं. हे पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

"रविवार. बुडाला चीर आहे, म्हातारीने स्वतःच दाखवली. गाडीपाशी नेऊन यांना दाखवली. हे म्हणाले, गळेल. काच पण पुरती खाली केली नाही. रंग आपल्या पहिल्या घरातल्या न्हाणीच्या फरशीचा आहे. ती यांनी एका दिवसात बसवली होती आणि पाठ धरली होती. यांना आठवलं नाही. घेतली. पेन सापडत नाही, पेन्सिल यांची."

मी फुलदाणी उजेडात नेली. फरशीचाच रंग होता. ती फरशी मी बसवली, आणि वीस वर्षं ही फुलदाणी टीव्हीच्या वरच्या फळीवर होती, माझ्या डोळ्यांसमोर. आणि गळेल म्हणालो होतो, तर गळलीच. माझं बरोबरच होतं. माझं नेहमी बरोबर असायचं.

आता माझं एकच काम होतं. एक वाचली, चाळीस राहिल्या. त्या चाळिसांत काय होतं ते मला पाहिजे होतं. घरात दुसरं काही लिहिलेलं ती ठेवून गेलेली नाही. किराणाच्या याद्या तेवढ्या.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते. तिला चिठ्ठ्या माहीत होत्या. म्हणजे भिंगवाल्यापासून लेकीपर्यंत सगळ्यांना माहीत होत्या, ज्याच्या घरात त्या होत्या तो सोडून. मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"आईच म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस म्हणून," ती म्हणाली. "हसतील म्हणाली."

मी म्हटलं, हसलो नसतो. ती म्हणाली, हसला असतात, बाबा. तरी तिला चार आठवत होत्या, कारण त्या चार वेळा ती बरोबर गेली होती. एका वेळी आईच्या चपलेचा अंगठा तुटला आणि दोघी फुलदाणीला बांधलेली सुतळी सोडून चप्पल बांधून आल्या. हे मला नवीन होतं. मी लिहून घेतलं. तिने मला कशाबद्दलही बोल लावला नाही, आणि ती रडतेय हे तिने कळू दिलं नाही, ही आईची सवय.

मग मी मंडळात गेलो. मी त्या लोकांच्या दारात पाय ठेवेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. या वेळची बैठक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होती. पांढरा सोफा, पांढऱ्या भिंती आणि मधे तीस-पस्तीस फुलदाण्या उभ्या, दाढा लावल्यासारख्या. मी हिच्या सगळ्या फुलदाण्यांचे फोटो काढून नेले होते. एकेक फोटो पुढे केला. मंडळींची स्मरणशक्ती अचाट निघाली. ही कुठल्या कारखान्याची, कुठल्या साली काढली, बुडावरचा आकडा काय, कानाला बारीक टवका आहे, हिने किती घासाघीस केली, सगळं तोंडपाठ. एका गृहस्थाने तर डोळे मिटून उंची सांगितली. अडतीस सेंटिमीटर.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ही नारंगी तुम्ही दोघींनी मिळून शोधली ना, त्या दिवशी काय म्हणाली ती?

"कोण?" बाई म्हणाल्या.

त्या वाईट नाहीत. हिच्या दाढेचं काम त्यांनी फुकट केलं होतं. पण त्यांनी खरंच विचारलं, कोण. त्यांच्या डोक्यात त्या दिवशी फक्त ती नारंगी वस्तू होती. वीस वर्षं ही बाई त्यांच्या सोफ्यावर बसत होती, त्यांचा चहा पीत होती, आणि सात जणांच्या डोक्यात मिळून तिचं एक वाक्य नव्हतं. मातीचं बूड पाठ होतं. मी तिथून उठलो तेव्हा भिंगवाल्याने हळूच विचारलं की लाल उंच फुलदाणीचं काही ठरलं का. मी म्हटलं, ती मी छत्र्या ठेवायला घेतलीय. त्याचा चेहरा बघून चार महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

पण घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं नाही. त्यांना निदान अडतीस सेंटिमीटर तरी माहीत होतं. मला काय माहीत होतं? मी प्रत्येक वेळी गाडी घेऊन गेलो होतो. गाडी कुठे लावली, कुठे सावली होती, कुठे दंड बसला, ते सगळं मला आठवतं. दुकान एकही आठवत नाही, कारण मी एकदाही आत गेलो नाही. आणि मी त्यांना नावं ठेवत होतो.

शेवटी जुन्या बाजारात, चिठ्ठीतल्या त्या म्हातारीकडे गेलो. ही बाई दर रविवारी मैदानाच्या टोकाला ताडपत्री पसरून बसते. मोडकी घड्याळं, दाराच्या कड्या, बाहुल्यांची डोकी आणि मधेच एखादी फुलदाणी. आमच्या घरातल्या निम्म्या तिच्याकडच्या. मी फोटो दाखवला तर तिने फोटोकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही ते हॉर्नवाले का?"

मी म्हटलं, हो.

"तीनदा वाजवायचात," म्हातारी म्हणाली. "पहिला वाजला की बाई म्हणायच्या, अजून दोन आहेत, दाखवा निवांत."

मग तिने सांगितलं की ही प्रत्येक वेळी विचारायची, ही फुलदाणी कुणाच्या घरात होती. म्हातारीला काय ठाऊक? रद्दीवाले पोत्यात घालून आणून टाकतात. पण गिऱ्हाईक चांगलं, म्हणून ती काहीतरी ठोकून द्यायची. ही एका पियानो शिकवणाऱ्या बाईंची. ही एका बोटीवरच्या आचाऱ्याची, त्याने ती मांडीवर धरून आणली. आमची ही ते खरं मानून घ्यायची आणि घरी येऊन लिहायची.

म्हणजे मी जे मोरीत सोडलं त्यातल्या निम्म्या थापा होत्या. फुलदाण्यांत घातलेल्या, शाईने लिहिलेल्या, म्हातारीच्या थापा. मी तिला म्हटलं, त्या थापा सांगा मला, सगळ्या. तिने हसून दोन सांगितल्या. बाकीच्या आठवेनात. नवीन सांगते म्हणाली, चालतील का? मी म्हटलं, नाही, नवीन नकोत, जुन्याच हव्यात. आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. आणि त्या म्हातारीने, जिला मी मनात भंगारवाली म्हणत आलो होतो, मला बसायला तिचं स्टूल दिलं. म्हणाली, बाईंना माहीत होतं मी थापा मारते. एकदा मी तोच आचारी दुसऱ्यांदा सांगितला, तर म्हणाल्या, आजी, त्याने एका मांडीवर किती आणल्या हो.

हे मी घरी येऊन लिहिलं, पेन्सिलीने. आता मी सगळं पेन्सिलीने लिहितो. लेकीच्या चार, म्हातारीच्या दोन. आणि एक माझी. ती मी स्वतःच्या आठवणीतून लिहिली, एवढी एकच जमली. एकदा ही गाडीत बसली आणि फुलदाणी मांडीवर धरून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मी सिग्नलला विचारलं, काय झालं, तर म्हणाली, काही नाही, मला आवडलीय. तेवढंच. मी तेव्हा पुढच्या गाडीवाल्याला शिव्या घालत होतो, तेही लिहिलं.

विकायचं मी काढून टाकलं. भिंगवाल्याचे दोन फोन येऊन गेले. लाल फुलदाणीत छत्र्या खरंच ठेवल्या आहेत, तो कधी आला तर दिसाव्यात म्हणून.

मोरपिशीची चीर लांबी लावून बुजवायला मला दहा मिनिटं लागतील. ती अजून बुजवलेली नाही. तेहतीस चिठ्ठ्या लिहायच्या राहिल्या आहेत.