शिंप्याच्या घरातली भट्टी

संसाराला दोन चाकं लागतात असं म्हणतात. या घरात ती खरोखरच होती. एक शिंप्याच्या मशीनचं, मागच्या खोलीत. दुसरं त्याच्या बायकोचं, कुंभारकामाचं, स्वयंपाकघराच्या दाराशी. दोन्ही फिरायला लागली की घरात बोलणं ऐकू यायचं नाही, आणि शिंप्याच्या मते त्यामुळेच संसार इतका सुखाचा झाला होता.

अडचण एकच होती. भट्टी नव्हती. बायको आपली कच्ची भांडी चिंध्यांत गुंडाळून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात भाजायला न्यायची. तिथे तिला भट्टीतला एक कप्पा मिळायचा, तोही वीतभर उंचीचा. म्हणून ती वर्षानुवर्षं कप करत होती, बशा करत होती, वाट्या करत होती. वीतभराच्या वर काही नाही.

एक दिवस शिंपी पाणी प्यायला उठला तर चाकाजवळ गुडघ्याएवढा रांजण उभा. ओला, गोल, खांद्याला डौलदार. बायको समोर बसून त्याच्याकडे बघत होती. संध्याकाळी पाहिलं तर रांजण नाही. मातीचा गोळा पुन्हा बादलीत.

"अगं, मोडलास का?"

"भाजू कुठे? तुमच्या इस्त्रीखाली?"

तो हसला, पण जेवताना सारखा बादलीकडे बघत राहिला. सकाळी उठून त्याने मेहुणीला फोन लावला.

मेहुणी वायरिंगची कामं करायची. तिची जीभही तिच्या टेस्टरसारखी होती, टेकवली की दिवा लागलाच पाहिजे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावोजी, इतक्या वर्षांत हे आज सुचलं तुम्हाला? असो. जुनी भट्टी बघू. पण मी बघितल्याशिवाय कुणाला हो म्हणायचं नाही."

जुन्या यंत्रांचा एक व्यापारी तिच्या ओळखीचा होता. शिंपी, बायको आणि मेहुणी अशी तिघं त्याच्या गोदामात गेली, तेव्हा तो विकायला आणलेल्या दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवा होऊन चहा पीत होता. विजेच्या दोन भट्ट्या होत्या त्याच्याकडे. एक लहान, गोल, चकचकीत, जणू कालच दुकानातून आलेली. दुसरी मोठी, पोचे पडलेली, कुणीतरी हिरवा रंग फासलेली.

बायकोने झाकणं उघडून आतल्या पांढऱ्या विटांवर बोटं फिरवली. भुगा पडतो का, तडे कुठवर गेलेत, झाकण नीट बसतं का, सगळं निरखून पाहिलं. मग मेहुणीने वीज जोडली. लहान भट्टीतली तारांची वेटोळी हळूहळू वरपासून खालपर्यंत लाल झाली. मोठीतली पण झाली, फक्त तळाची रांग काळीच राहिली.

"तळाला ऊब कमी असली तर काय बिघडतं?" खुर्चीतून आवाज आला.

"तुमचे पाय गार पडले तर कळेल," बायको म्हणाली.

मेहुणी मोठीच्या आत वाकली होती. "बाकी सगळं धडधाकट आहे ताई. हे एक वेटोळं बदललं की झालं. नवं यांनी द्यायचं, बसवते मी. आणि घरच्या मीटरवर चालेल, फक्त वेगळी जाड वायर ओढावी लागेल."

"नको, लहानच घेऊ," बायको घाईने म्हणाली. "अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"अंथरूण शिवतो कोण?" शिंपी म्हणाला. "मीच ना? मग वाढवून शिवतो."

व्यापारी इतका हसला की चहा सांडला. पण बायको हसली नाही. तिने नवऱ्याला बाही धरून बाजूला नेलं.

"अहो, लहान भट्टी जिन्याखाली मावेल. मोठी ठेवायची तर मागची खोली लागेल. आणि भट्टीच्या खोलीत कापडाचा तुकडासुद्धा चालत नाही. तुमचं टेबल, तुमची खिडकी... कुठे जाणार तुम्ही?"

हे मात्र शिंप्याच्या ध्यानात आलं नव्हतं. लग्न झाल्यापासून तो त्या खोलीत शिवत होता. कुणी डोकवायचं नाही, कुणी हाक मारायचं नाही. खिडकीतून समोरची भिंत दिसायची आणि भिंतीवरून जाणारी मांजर.

तो गळ्यातला टेप काढून मोठ्या भट्टीपाशी गेला, आत वाकला आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं माप घेऊ लागला. उंची घेतली. घेर घेतला.

"छाती भरदार आहे," तो आतूनच म्हणाला. "रांजणाला खांद्यात तंग होणार नाही."

बायकोला हसू आलं, आणि हसता हसता तिने तोंड फिरवून पदराने डोळे टिपले.

"आणि खोलीचं म्हणशील," तो बाहेर येत म्हणाला, "तर मला पुढच्या खोलीतला उजेड हवाच होता. हल्ली सुई दिसत नाही, तिचं नाक तर लांबच राहिलं."

"खोटं बोलताना तुम्ही टेप बोटाभोवती गुंडाळता."

शिंप्याने हाताकडे पाहिलं. टेप बोटाभोवतीच होता.

"ठरलं का एकदाचं?" मेहुणीने विचारलं. "ठरलं," शिंपी म्हणाला, आणि बायको गप्प राहिली, म्हणजे ठरलंच.

भट्टी सुटी करून आणली, मागच्या खोलीत भिंतीपासून हातभर लांब उभी केली. मेहुणीने वायर ओढली, नवं वेटोळं बसवलं आणि "ओल्या हाताने बटणाला शिवाल तर मी जबाबदार नाही" असं दोघांनाही दोनदा बजावलं. शिंप्याचं टेबल रस्त्याच्या खिडकीशी आलं. पहिल्याच दिवशी येणाजाणाऱ्यांनी खिडकीत कोपरं टेकवून इतक्या गप्पा मारल्या की त्याने एका सदऱ्याची डावी बाही उजवीकडे लावली. घरात त्याने हे सांगितलं नाही. गुपचूप उसवली.

मग नवा रांजण झाला, वाळला, भट्टीत गेला. भट्टी तापत होती तोवर शिंपी दर थोड्या वेळाने दाराशी येऊन उभा राहायचा.

"भावोजी, बाळंतपणाला आल्यासारखे येरझारा काय घालताय?" मेहुणी म्हणाली. "जा, शिवा काहीतरी."

दुसऱ्या दिवशी भट्टी पुरती निवल्यावर बायकोने झाकण उघडलं. रांजण ताठ उभा होता, तांबूस, सुरेख. आणि खांद्यापासून पोटापर्यंत केसाएवढा तडा. तिने बोटाने टिचकी मारली. आवाज बद्द आला.

आता ही रडणार असं शिंप्याला वाटलं. पण ती भट्टीत डोकावून बराच वेळ रिकाम्या जागेचा अंदाज घेत राहिली.

"खांद्याला घाई केली मी," ती म्हणाली. "पुढचा जरा रुंद करते. बघा ना, केवढी जागा आहे!"

हे शेवटचं ती इतक्या हरखून म्हणाली की शिंपी तसाच पुढच्या खोलीत निघून आला. खिडकीत शेजारीण वाटच बघत होती.

"काय झालं हो रांजणाचं?"

"तडा गेला."

"अरेरे! मग तुम्ही हसताय काय?"

शिंप्याने कापड सरळ केलं, सुई खाली घेतली आणि मशीनला पाय मारायला सुरुवात केली; शेजारणीचा पुढचा प्रश्न त्या आवाजात बुडून गेला.