निळ्या रेघेवरचा पिवळा रंग

तुम्ही आलात, रेघ मारलीत आणि निघून गेलात.

दोन हजार एकवीसच्या पुरानंतरची गोष्ट. आळीतला गाळ लोकांनी घमेल्यांनी उपसला, भिजून जड झालेल्या गाद्या बाहेर ओढल्या, घरं उन्हात वाळली, आणि मग तुमची सरकारी गाडी आली. शुभदाबाईंच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या चौकटीच्याही वर, तुमच्या माणसानं निळी रेघ ओढली. तिथवर हात पोचावा म्हणून शिडीसुद्धा घरचीच मागून घेतली. "पाणी इथवर आलं होतं," असं तो वरून सांगायला लागला. कुणाला? जी बाई नवऱ्याला घेऊन त्याच शिडीनं माळ्यावर चढली होती आणि पाणी उतरेपर्यंत पत्र्याखाली बसून होती, तिला. रेघेखाली राहणं धोक्याचं, म्हणालात. मग राहायचं कुठे, हे विचारायला तिनं तोंड उघडलं, तोवर तुम्ही पुढच्या घरी शिडी मागत होतात.

आता त्या रेघेवर पिवळा रंग बसलाय. घर विकायला काढलंय.

हौस म्हणून नव्हे. महाडच्या बाजारपेठेमागे, सावित्रीच्या अंगाला उतरत जाणाऱ्या या आळीत शुभदाबाईंचा सगळा संसार झाला. इथूनच त्या शाळेत शिकवायला गेल्या, इथूनच त्यांचे यजमान गंगाधरपंत कोर्टात नोकरीला गेले. पण पुराच्या पुढच्या वर्षी गंगाधरपंतांचं डावं अंग गेलं. आता त्यांना खाटेवरून खुर्चीत आणायचं तरी शेजारून कुणाला हाक मारावी लागते. शिडीचं नावच नको. म्हणजे पुन्हा पाणी आलं तर शुभदाबाईंनी एकटीनं माळ्यावर जायचं, नाहीतर दोघांनीही खालीच राहायचं. मुलगी मैथिली नालासोपाऱ्याला एका खोलीत राहते, तिथे बापाची खाट टाकायची तर जावयानं जिन्यात झोपायचं. राहता राहिली टेकाडावरची लिफ्टवाली बिल्डिंग. हे घर पावसाच्या आधी विकलं गेलं तर तिथे जागा, नाहीतर नाही.

म्हणून दीपक आला. घरं दाखवणारा, घ्यायला-विकायला लावून देणारा, वागायला गोड पोरगा. त्यानं घरात पाऊल टाकलं आणि वर बघून कपाळाला हात लावला.

या आळीत घर वरून खाली मांडतात. विजेची बटणं इतकी उंच की काठीनं दाबायची, फ्रिज लोखंडी घोड्यावर, तांदळाची कोठी माळ्यावर. आणि देव सगळ्यांच्या वर, थेट आढ्याखालच्या फळीवर. पुरात टाक नि तसबिरी गाळात सापडल्या, तेव्हापासून शुभदाबाई स्टुलावर चढून पूजा करायच्या. गंगाधरपंत खुर्चीतून मान वर करून उजवा हात कपाळाला लावायचे.

"काकू, गिऱ्हाईक आत शिरलं की पहिलं हे विचारणार. सगळं खाली आणा."

"छतही आणू का जरा खाली?"

"चेष्टा नको हो, काकू. घर कसं हसरं दिसलं पाहिजे."

"हसरं," खुर्चीतून गंगाधरपंत म्हणाले. अर्धं तोंड वाकडं झालं तरी जीभ जाग्यावर होती. "मग मलाही एक हात मार पिवळ्याचा. गिऱ्हाईकाला बरा दिसेन."

दीपक हसला, पण नंतर शुभदाबाईंना स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाला, "काकांना तेवढ्या वेळापुरतं शेजारी ठेवता येईल का? आजारी माणूस दिसला की लोकांना घर लाभत नाही असं वाटतं."

"घर त्यांचं आहे," शुभदाबाई म्हणाल्या. "ते इथेच बसतील."

एवढं एक सोडून बाकी सगळं त्यांनी ऐकलं. बटणं खाली आली. फ्रिज जमिनीवर आला. शिडी परसात गेली. भिंतीच्या बुडाची ओल दर पावसाळ्यात फुगते, तिथे पांडू रंगाऱ्यानं पुट्टी थापली. फिनेलचा वास नको, त्यानं संशय येतो, म्हणून कपाटांतून कापूर ठेवला. फळी उखडून देव कोपऱ्यातल्या नव्या चौरंगावर बसवले. शेवटी पांडू बाहेरच्या रेघेवर ब्रश फिरवायला लागला, तेव्हा शुभदाबाई आत निघून गेल्या. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई. चौरंगापुढे बसल्या, पण हात जोडवेनात. फार दमल्या होत्या. खोटं बोलायलासुद्धा अंगात बळ लागतं.

गिऱ्हाईक पोलादपूरकडच्या डोंगरातलं आलं. येसाजी आणि त्याची बायको राहीबाई, दोघंही साठीच्या आसपासची, घरची शेती असलेली. मुलगा राजेश मुंबईत नोकरीला, घरासाठी पैसे तो घालणार होता. येसाजी भिंतीवर बुक्की मारून बघत होता. राहीबाईनं चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन कोपऱ्यातल्या देवांना हात जोडले.

घरात कुणी देवाला हात जोडले की गंगाधरपंतही नमस्कार करायचे. सवयच ती. त्यांनी मान वर केली, उजवा हात कपाळाला लावला आणि आढ्याखालच्या कोऱ्या, पिवळ्या, रिकाम्या भिंतीला नमस्कार केला.

सगळ्यांनीच वर पाहिलं. तिथे काही नव्हतं. फळीच्या खिळ्यांची भोकं बुजवलेली तेवढी दिसत होती.

"बाबा, देव हिकडं हायेत," राहीबाई म्हणाली.

"हो. विसरलो."

"आधी वर व्हते काय? यवढ्या वर?"

दीपक पुढे सरसावला. "जुनी पद्धत हो मावशी. कोकणात असते अशी."

"मी काय इलायतेतनं आलीय रे? मी पन कोकनातलीच हाय." राहीबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती शुभदाबाईंकडे वळली. "बाय, पानी कुठवर आल्तं?"

"गुडघाभर," दीपक म्हणाला.

"तुला नाय इचारलं."

शुभदाबाईंनी गंगाधरपंतांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांची ती खाट, ती खुर्ची, सगळं जमिनीवर. शुभदाबाईंनी स्टूल ओढलं, एक हात भिंतीला धरून चढल्या, आणि दाराच्या चौकटीच्या वर, आतल्या बाजूनं, तळवा टेकवला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. बोटं पिवळी झाली.

"इथवर."

दीपकनं फोन काढला आणि बाहेर गेला.

शुभदाबाईंना वाटलं, आता ही दोघं चपला घालतील. पण येसाजी तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला. "माळ्यावर चढाय जागा हाय नं? मंग झालं. आमच्या वाडीत डोंगराला भेग पडलीय. पायलीभर तांदूळ वतलं तरी भरनार नाय अशी. सायेब लोक आले, दारावर लाल फुली मारली, जागा सोडा म्हनाले. म्हटलं, सोडतो, दुसरी दाखवा. तर म्हनाले, पावसाळ्यापुरतं शाळंत जावा."

"फुलीवर रंग मारावा, तर आमच्याकडं गिराईक पन नाय येत," राहीबाई म्हणाली, आणि हसली. त्या हसण्याला शुभदाबाईही हसल्या. काय करणार?

"पानी येतं नि उतरतं," येसाजी म्हणाला. "दरड काय उतरून परत वर जात नाय. आमी दोघं अजून चढू शिडी."

"आम्हीपण चढलो होतो," गंगाधरपंत म्हणाले.

येसाजीनं गंगाधरपंतांच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. शुभदाबाई स्टुलावरून उतरल्या. राहीबाईनं त्यांना हात दिला, आणि तो पिवळा झालेला हात तसाच धरून ठेवला.

"आमचं घ्यायचं चाललंय," ती हळू म्हणाली. "हितं नाय तर कुठं? पन तू सांग बाय. मी तुझी भैन असते, तर घे म्हनाली असतीस?"

घे म्हणावं, तर या दोघांना म्हातारपणी त्याच शिडीखाली आणून सोडायचं. नको म्हणावं, तर गंगाधरपंत या पावसात त्याच खुर्चीत. बाहेर दीपक फोनवर कुणाला तरी "झालं, झालं, सगळं फिसकटलं" म्हणत होता. राहीबाई शुभदाबाईंच्या तोंडाकडे बघत तशीच उभी राहिली. घाई नव्हती तिला. वाडीवर परत जायची घाई कुणाला असते?

आणि खरं म्हणजे हा प्रश्न शुभदाबाईंना नव्हेच. नदी गाळानं भरू दिली ती त्यांनी नव्हे, डोंगर कापू दिला तोही त्यांनी नव्हे. निळी रेघ तुमची, लाल फुली तुमची. रंगाचा डबा नि ब्रश घेऊन दोन्हीकडे तुम्हीच फिरलात, शिडीसुद्धा आमचीच घेतलीत. खाली राहू नका म्हणालात, वरही राहू नका म्हणालात. दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींचा हात धरून तुमच्या रेघेखाली उभ्या आहेत. एकीनं विचारलंय, दुसरीला बोलवत नाही.

तुम्ही बोला. घे म्हणून सांगायचं की नको म्हणून?