बेकरीच्या पाटीपासून साठ मीटर

समचोक शहराच्या किनारी रस्त्यावर अप्पांच्या बसने सुकी मासळी विकणाऱ्या ओक्बुन आजींना उडवलं तेव्हा मी नववीत होते. आजी मासळीची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मांडीचं हाड मोडलं, शुद्ध गेली. पोलिसांनी विचारलं, "वेग किती होता?"

"पंचावन्न," अप्पा म्हणाले. त्या रस्त्याला साठची मर्यादा होती.

घरी येऊन ते ताटावर नुसते बसून राहिले.

"एवढं काय घाबरायचं? तुमची चूक नाही ना?" आई म्हणाली.

"नाही म्हणतोय ना! बेकरीच्या पाटीपाशी होतो तेव्हा म्हातारी दिसली, लगेच ब्रेक दाबला!" आणि ताट दूर सारून ते उठले.

त्याच आठवड्यात आम्हाला वर्गसमीकरण सूत्राने सोडवायला शिकवलं होतं. उदाहरण बसचंच होतं: पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, मग दर सेकंदाला वेग पाच मीटरने उतरतो. अप्पा खरं बोलतायत हे मला कागदावर बघायचं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर टेप घेऊन गेले. बस थांबली तिथल्या पोलिसांच्या खडूच्या खुणा अजून होत्या. पाटीपासून तिथवर साठ मीटर. तीनदा मोजले.

घरी येऊन मांडलं: वेग, अधिक वेगाच्या वर्गाचा दहावा भाग, बरोबर साठ. म्हणजे वेगाचा वर्ग, अधिक दहा वेग, वजा सहाशे, बरोबर शून्य. वर्गमुळाखाली अडीच हजार आले. वर्गमूळ पन्नास. वजाचं चिन्ह घेतलं तर उत्तर उणे तीस, ते टाकाऊ. अधिकचं घेतलं तर वीस. सेकंदाला वीस मीटर, म्हणजे तासाला बाहत्तर किलोमीटर.

पुन्हा सोडवलं. पुन्हा वीस.

"काय करतेस?" अप्पा मागे उभे होते.

"गृहपाठ."

कडेला मी 'बेकरी, ६० मी.' लिहिलं होतं. हाताने झाकलं, पण उशीर झाला होता.

"किती आलं?"

"अंदाजच आहे, अप्पा. बस जड असते, चुकलंही असेल..."

"किती?"

"बाहत्तर."

त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, तरी मी मान आत ओढून घेतली. ते खाली जमिनीवर बसले.

"उशीर झाला होता. काटा सत्तरच्या पुढे गेलेला मी बघितला होता," ते म्हणाले. मग हळूच, "पोलिसांना येतं का हे?"

"सूत्रच आहे. कुणालाही येईल."

"तुरुंगात टाकतील मला?"

"माहीत नाही."

तीन दिवस गल्लीत गाडी वाजली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. आईला काहीच ठाऊक नव्हतं. चौथ्या सकाळी अप्पा म्हणाले, "बूट घाल, चल माझ्याबरोबर."

ठाण्याच्या पायरीवर त्यांचे पाय अडले. मी त्यांची बाही धरून ठेवली. मी त्यांना ओढत होते की त्यांचा आधार घेत होते, कुणास ठाऊक. आत गेल्यावर मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं.

परवाना गेला, नोकरी गेली, आठ महिन्यांची शिक्षा झाली. आत जाण्याआधी ते नासपतींची पेटी घेऊन इस्पितळात गेले आणि खाटेपाशी गुडघे टेकले.

"किती वेगात होतास रे?" आजींनी विचारलं.

"बाहत्तर."

"मला वाटलं शंभर तरी असेल," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. नासपती त्यांनी घेतल्या नाहीत.