साबण बदलून पाहिला

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे क्लचबाई म्हणत, कारण शिकाऊ माणसाच्या कानाशी त्या दिवसभर तो एकच शब्द ओरडत. पुढची गाडी कुठे वळणार, हे तिने दिवा दाखवायच्या आधी त्यांना कळायचं. नवरा कुठे वळलाय, हे मात्र दोन वर्षं कळलं नाही.

म्हणजे त्यांना कळलं नाही. त्यांच्या कातडीला कळलं होतं.

नवरा गाण्याच्या तालमीहून घरी आला की बाईंच्या हातांवर पित्त उठायचं. कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक गांधी. खाजवून खाजवून जीव नकोसा व्हायचा. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, साबण बदलून पाहा. बदलला. अंडी सोडा. सोडली. मग शेंगदाणे गेले, वांगी गेली, लोकरीचा स्वेटर गेला. नवरा मोठा काळजीवाहू. गोळ्या तोच आणायचा, मलमही तोच चोळायचा. चोळता चोळता एकदा म्हणाला, "मला वाटतं, तुला मांजर सोसत नाहीये."

मांजरावर बाईंचा भारी जीव. पण डॉक्टरांनीही मान डोलावली. तेव्हा बाईंच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने, पार्लरवालीने, मोठ्या मनाने मांजर ठेवून घेतलं. नवऱ्याने ते टोपलीत घालून स्वतः पोचवलं. त्यात त्याने जराही आळस केला नाही.

पित्त उठतच राहिलं.

मग एका दुपारी एका शिकाऊ बाईने दांडी मारली आणि मोकळा तास मिळाला. क्लचबाईंना मांजराची आठवण आली. मैत्रिणीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत सोफ्यावर नवरा बसलेला. अंगात बनियन, पायात मैत्रिणीच्या फुलाफुलांच्या सपाता, मांडीवर मांजर.

"मांजराला भेटायला आलो होतो," तो म्हणाला.

तेवढ्यात टॉवेल गुंडाळलेली मैत्रीण न्हाणीघरातून बाहेर आली आणि सवयीने म्हणाली, "अगंबाई, तू? चहा टाकू?"

बाईंनी चहा घेतला नाही. मांजर उचललं आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे कपडे त्याच्या आईकडे पोचते केले. त्या आठवड्यात बाईंनी अंडी खाल्ली, वांगी खाल्ली, जुन्या साबणाने आंघोळ केली, मांजराला उशीवर घेऊन झोपल्या. हातांवर एक ठिपका उठला तर शपथ.

सासूबाईंचा फोन आला. "तुझ्या त्या खाजेलाच कंटाळला असेल गं बिचारा."

बाई समुपदेशिकेकडे गेल्या. तिच्या खोलीत मंद दिवे होते आणि कोपऱ्यात विजेवर चालणारं एक कारंजं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या शरीराला सगळं माहीत असतं. तुम्ही त्याचं ऐकतच नाही."

बाईंनी ऐकायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबेनात. नळवाल्याला बघून ठसका लागला, म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं. गळका नळ गळतच राहिला. शेजारीण बोलताना जांभई आली, तर तिच्याशी बोलणंच टाकलं. एका बँकेतल्या कारकुनाची गाडीची परीक्षा होती. सकाळी त्याच्या शेजारी बसताच बाईंच्या पोटात गोळा आला. "तुमच्याबद्दल मला आतून काही बरं वाटत नाहीये," असं सांगून त्यांनी परीक्षाच रद्द केली. तो गृहस्थ स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

बाईंनी हे त्याच दुपारी मोठ्या बहिणीला फुशारकीने सांगितलं.

ताई म्हणाली, "सकाळपासून काय खाल्लंयस?"

"चहा घेतला होता."

"मग तो गोळा भुकेचा आहे. आधी जेव, मग माणसं ओळख."

बाई जेवल्या. गोळा विरघळला. कारकुनाची माफी मागून त्यांनी त्याला पुन्हा परीक्षेला बसवलं. तो पास झाला, एक खांब थोडक्यात वाचला. तेव्हापासून अंगात काही हललं की बाई आधी पोटभर जेवत आणि नीट झोप काढत. त्यानंतरही ते हलतच राहिलं, तरच त्याला किंमत देत.

पुढे नवरा परत आला. पार्लरवालीने त्याला घालवून दिलं होतं. तिची म्हणे हल्ली ॲसिडिटी फार वाढली होती.

तो खुर्चीच्या टोकावर बसला. सुंदर बोलला. चूक कबूल केली, डोळे पुसले, "मी आता तो राहिलो नाही," म्हणाला. सासूबाईंनी आधीच फोन करून रदबदली केली होती. बाईंनी हळूच हात पाहिले. लख्ख होते. मन म्हणालं, बघ, कातडीसुद्धा गप्प आहे. पण श्वास गळ्याशी अडकला होता आणि खांदे कानांपर्यंत चढले होते. दुपारचं जेवण झालं होतं. रात्री झोपही छान लागली होती.

म्हणून त्यांनी विचारलं, "ती गाण्याची तालीम. होती का रे खरंच कधी?"

"होती की! सुरुवातीला तरी होती."

"मग म्हण एखादं."

त्याने घसा खाकरला. एक ओळ सुरू केली, ती दुसऱ्याच चालीत शिरली, आणि मग तो मांजराकडे बघत बसला.

"तू जा," बाई म्हणाल्या. शब्दांबरोबर अडकलेला श्वासही सुटला.

सासूबाईंनी बोलणं टाकलं. इतकी शांतता बाईंना घरात प्रथमच लाभली.

वर्षभराने टायरच्या दुकानाचा मालक, एक विधुर, त्यांच्याशी बोलू लागला. बोलायचा टायरबद्दलच. एकदा बाईंची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून तो त्यांना आपल्या गाडीतून सोडायला निघाला. बाई शेजारी बसल्या. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना त्या एरवी पापणी मिटत नसत. जाग आली तेव्हा गाडी घरासमोर उभी होती आणि त्यांच्या हनुवटीवर लाळ आली होती.

तो हिरमुसून म्हणाला, "मी इतका कंटाळवाणा बोलतो?"

"बोलता," बाई हनुवटी पुसत म्हणाल्या. "उद्याही सोडाल?"