झाकणावरचं नाव

मी छत्रीचा डबा बोलतोय. गच्चीवरच्या छत्रीनं आकाशातून जे पकडलं ते टीव्हीला द्यायचं, एवढंच माझं काम. सेट-टॉप बॉक्स मला दुकानात म्हणायचे. मंठ्यात सर्जेरावांच्या घरी मी नुसता डब्बा होतो.

दोन हजार सहाच्या दिवाळीत त्यांनी मला आणलं. दुकानदारानं कागद पुढं केला. वस्तू कंपनीची, तुम्ही फक्त वापरायची, असं त्यावर बारीक अक्षरात होतं. सर्जेरावांनी डोळे झाकून सही ठोकली. वाचतो कोण!

त्या घरात तांब्या असो की परात, नाव घातल्याशिवाय वापरायची नाही. लग्नकार्यात भांडी इकडची तिकडं होतात ना! दुसऱ्याच दिवशी मला पिशवीत घालून ते भांड्याच्या दुकानात गेले. नाव घालणारा हसला, "मामा, ह्याच्यावर बी?"

"घाल की. घरची वस्तू हाय."

मशीन कर्र कर्र वाजलं आणि माझ्या पत्र्याच्या झाकणावर 'सर्जेराव' उमटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांनी सर्जेराव गेले. त्यांच्या बायकोनं, गोजरबाईंनी, पुन्हा टीव्ही लावलाच नाही. मला मात्र रोज पुसायच्या. नावावर फडकं जरा थांबायचं. वर्षानं, मला जिथून आणलं त्या दुकानात त्या सांगून आल्या, "कनेक्शन बंद करा." आठ दिवसांत कंपनीचा माणूस मला न्यायला दारात हजर.

"डब्बा न्हाई देणार. त्यांचं नाव हाय त्याच्यावर."

"मावशी, नाव कुणाचं बी असू द्या, माल कंपनीचा हाय. ही बघा मामांची सही."

गोजरबाई सहीकडं बघत राहिल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. आतून चाकू घेऊन आल्या.

"मंग नाव न्हाई देणार. परक्याच्या घरात त्यांच्या नावावर कुणी चहाचा कप ठेवावा?"

खाली बसून त्यांनी एकेक अक्षर खरवडलं. बराच वेळ गेला. मग पत्र्यावर फुंकर मारून त्यांनी मला त्या माणसाच्या हातात दिलं आणि विचारलं, "रिमोट बी लागतो का?"

मला दुखलं नाही. काहीच वाटलं नाही.

हल्ली मी जालन्यात, मस्तगडला दुसऱ्या एका घरी असतो. चित्र स्वच्छ येतं. ओरखड्यांबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही. बाबांनो, मला वापरा, बदला, भंगारात टाका. फक्त माझ्यावर नाव घालू नका. ते खरवडायला घरचंच माणूस बसतं.