उस्ता रिफअतचं नख

“बाबा, रक्त येतंय तुमच्या अंगठ्यातून,” चहाचा पेला ठेवता ठेवता समीहा म्हणाली.

“गंज असेल,” रिफअत म्हणाला.

एका जुन्या मोटरसायकलच्या गिअरबॉक्सचं दातेरी चाक तो आपल्या दुकानात रॉकेलमध्ये धुऊन तपासत होता. उजव्या अंगठ्याचं लांब नख एकेका दातावरून सावकाश फिरत होतं. अलेक्झांड्रियाच्या अत्तारीन मोहल्ल्यात ‘उस्ता’, म्हणजे वस्ताद मिस्त्री, रिफअतचं हे नख प्रसिद्ध होतं. दांड्यांची झीज रिफअत मायक्रोमीटरनं मोजायचा, पण दातांच्या बाबतीत त्याचा भरवसा फक्त नखावर. दातावरचा कडक थर उकलायला लागला, की तो आधी नखाला अडकतो. डोळ्याला दिसेपर्यंत फार उशीर होतो. चाळीस वर्षं त्यानं ते नख जिवापाड जपलं होतं आणि त्यापायी बायकोची बोलणी खाल्ली होती.

त्यानं अंगठा फडक्याला पुसला. फडकं लाल झालं. चाकाच्या धारेनं नखाजवळचं मांस चांगलंच खोल चिरलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

“तुझी सुई दे बघू.”

समीहा शिवणकाम करायची. सुई कायम तिच्या गळपट्टीला टोचलेली असे. रिफअतनं ती अंगठ्यात टोचली. काही नाही. आणखी खोल टोचली, तरी काही नाही.

“डॉक्टरांनी बजावलं होतं, साखरेनं बोटं बधिर होतील म्हणून,” समीहा म्हणाली. “तुम्ही मात्र बसबूसाची मिठाई चोरून खाताय.”

तो ऐकतच नव्हता. नखाला शेवटचा अडथळा कधी लागला होता, ते तो आठवत होता. रमजानच्या आधी? गेले कित्येक महिने प्रत्येक दात गुळगुळीत लागत होता. लोक आता तेल वेळेवर बदलायला लागले, असं समजून तो खूशही झाला होता. मग त्याला हिल्मी आठवला.

पोस्टातल्या हिल्मीच्या मोटरसायकलचा गिअरबॉक्स त्यानं बुधवारीच तपासून, बंद करून दिला होता. आज शुक्रवार. दुपारच्या नमाजानंतर हिल्मी बायकोला आणि तीन महिन्यांच्या तान्हीला मोटरसायकलला जोडलेल्या बाजूच्या डब्यात बसवून रशीद गावाला, सासुरवाडीला निघणार होता. उकललेला तुकडा सुटून दोन चाकांच्या मध्ये सापडला, तर भर वेगात मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. पुढचं चित्र त्याला डोळ्यांसमोर आणवेना.

“कुठं निघालात? चहा?”

तो चपला घालून पळतच सुटला होता. नमाज सुटून माणसं घरी परतत होती. वाटेत कुठंही मोटरसायकलचा आवाज आला, की तो वळून पाहायचा. बासष्टाव्या वर्षी तो असा कधी पळाला नव्हता.

हिल्मीच्या दारात इंजिन सुरू होतं. बायको, नग्वा, तान्हीला मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारणी डब्यात खाऊच्या पिशव्या कोंबत होत्या. रिफअत थेट पुढच्या चाकासमोर जाऊन उभा राहिला.

“अरे उस्ता! तुम्हीपण येताय की काय रशीदला? जागा नाही हो, सासूबाईंनी मासेच तेवढे मागवलेत.”

“बंद कर.”

एखादा नट ढिला राहिलाय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तेच शब्द त्याच्या जिभेवर होते. पण नटासाठी कुणी गिअरबॉक्स उघडू देत नाही. हिल्मी म्हणाला असता, आल्यावर बघू.

“माझं बोट मेलंय, हिल्मी,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “मला काही कळत नाही त्यातनं. तुझे दात मी तपासलेच नाहीत असं समज.”

हिल्मीनं इंजिन बंद केलं.

“दहा वर्षं बघायला नको, असं तुम्हीच म्हणाला होता ना?”

“म्हणालो होतो.”

“मी काल या दोघींना घेऊन समुद्रकाठानं फिरून आलो, उस्ता.”

नग्वा तान्हीला घेऊन खाली उतरली.

दोघांनी गाडी ढकलत दुकानात आणली. रिफअतनं गिअरबॉक्स उघडला, चाकं एकेक करून धुतली आणि समीहापुढं ठेवली.

“तुझं नख लाव. प्रत्येक दातावरून, मुळापासून टोकापर्यंत. घाई करू नकोस.”

पहिलं चाक चांगलं निघालं. दुसरंही. तिसऱ्याच्या सातव्या दातावर तिचा हात थांबला. तिनं मागं नेऊन पुन्हा फिरवला.

“इथं अडकतंय, बाबा.”

रिफअतनं त्याच जागी आपलं नख फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. लोण्यासारखं गुळगुळीत. मग त्यानं चाक उन्हात नेलं, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्याजवळ धरलं. दाताच्या मुळाशी तांदळाच्या कणीएवढा पापुद्रा उचलला गेला होता.

हिल्मीनं ते चाक हातात घेतलं, पाहिलं आणि खाली ठेवलं. मग थंड झालेला चहाचा पेला उचलून रिफअतच्या हातात देत म्हणाला, “बसा, उस्ता.”

रिफअत बसला. त्यानं समीहाला कात्री घ्यायला सांगितलं आणि लांब नखाचा अंगठा तिच्यापुढं धरला.

“तूच काप,” तो म्हणाला. “मला लागलेलं कळायचं नाही.”