बोलका पत्रा

बोल्ट षटकोनी डोक्याचा, एका कोपऱ्यात झिजून गुळगुळीत झालेला. गेली बावीस वर्षं मिस्त्री याच बोल्टनं पत्रे वाजवत आलाय आणि बावीस वर्षं लोकांना एकच वाक्य ऐकवत आलाय : माझे डोळे बांधा, पत्रा वाजवा, कुठला ते सांगितलं नाही तर हे वर्कशॉप तुमचं. आज मुलीला ऐकवलं. तशी काही गरज नव्हती. ती आपली भिंतीला टेकवलेल्या तीन तुकड्यांकडे बघत उभी होती. चार मिलीमीटरचं लोखंड, सहाचं ॲल्युमिनियम आणि बाराचं काळं जाड प्लास्टिक. यातलं एक उद्या तिच्या गाडीच्या पोटाखाली बसणार होतं, इंजिनाला दगड लागू नये म्हणून. पण शेजारचा पेंटर नेमका तेव्हाच ब्रश पुसत आत आला, आणि प्रेक्षक दोन झाले की याची जीभ सुटतेच.

पेंटरनं स्वतःच्या फडक्यानं त्याचे डोळे बांधले. फडक्याला थिनरचा वास.

ठप्प — कुठेतरी, लांब, उशीखाली कुणी टिचकी मारावी तसं.

"ॲल्युमिनियम!"

"बरोबर!" पेंटर कानाशीच ओरडला, म्हणून कळलं.

मग दुसरं. दुसरं आलंच नाही. म्हणजे आलं असणार, कारण दोघंही गप्प होते आणि वाट बघणाऱ्या माणसांचं गप्प राहणं त्याला अजून नीट ऐकू येतं… उरले दोन, त्यातला एक निवडायचा, अर्धी शक्यता तर आपलीच —

"लोखंड. अस्सल!"

फडकं काढलं तेव्हा पेंटरच्या हातात मुलीचा लशींचा थर्माकोलचा डबा होता, आणि पेंटर पोट धरून खाली बसला होता. "मिस्त्री, अहो, वेल्डिंग करून द्या की मग याला!"

"मुद्दामच म्हटलं मी. तुझी गंमत केली."

पेंटर आणखी हसला. मुलगी हसली नाही. तिनं डबा उचलला, झाकण नीट दाबलं आणि गाडीत ठेवला. जनावरांची डॉक्टर आहे ती. जनावर दुखतंय म्हणून सांगत नाही, ते बघून ओळखावं लागतं, असं तीच कधीतरी म्हणाली होती. तेव्हा कौतुक वाटलं होतं. आज त्यानं पाठ फिरवली आणि उगाच टेप घेऊन लोखंड मोजायला लागला, मघाशीच मोजलेलं.

कानाला काही झालेलं नाही. कागद आहे तसा. बायकोनं बळेच तपासायला नेलं होतं, काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. आता समोर तपासणाऱ्या बाईंचा हात मशीनवर, आणि त्यांच्यामागे कपाटाची काच, आणि काचेत तो हात लख्ख दिसतोय, बोट हललं की कळतंय. मी काय डोळे मिटून बसणार होतो? परीक्षेला बसून मुद्दाम नापास होणारा माणूस मी बघितलेला नाही. दाबत गेलो. डॉक्टर म्हणाले, विशीतले कान आहेत हो तुमचे! बायकोनं तो रिपोर्ट घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावला, आणि त्या दिवसापासून घरात त्याची सुटका संपली. आधी ऐकू येत नसेल बिचाऱ्याला अशी शंका तरी होती. आता उत्तर दिलं नाही की सरळ माज. चार दिवस ती बोलली नाही. बोलली नाही हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि त्याच सुमाराला स्वयंपाकघरातला दिवा बिघडला. नेमका जेवायच्या वेळेला दोनदा लुकलुकायचा. त्यानं बल्ब बदलला. मग होल्डर बदलला. मग सगळं बटणांचं पॅनेलच नवीन बसवलं. बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "बघा, अजून कुठे काहीतरी सैल असेल."

"बाबा, वजन बघा हं," मुलगी त्याच्या समोर येऊन म्हणाली. हल्ली ती समोर येऊनच बोलते. शहाणी झालीये. "मागे फ्रीज आहे, औषधं आहेत, दोरखंड, आणि वर मी."

"तू किती भरशील?"

"ते विचारायचं नसतं. ॲल्युमिनियम निम्म्या वजनात बसतं म्हणे."

"बसतं. पण मऊ आहे, दगडाला मिठी मारतं. गाडी सरकायच्या ऐवजी अडते."

"मग प्लास्टिक?"

"साबणासारखं सरकतं. गंजत नाही, वाजत नाही, कितीही मार खाल्ला तरी हूं की चूं नाही."

"मग चांगलंच की."

चांगलंच की. त्यानं बोल्ट खिशात घातला. मुक्यानं मार खाणारं काहीतरी हिच्या इंजिनाखाली लावायचं, आणि हिला वाटत राहणार सगळं ठीक आहे… मागच्या महिन्यात असंच झालं. कंपनीचा पातळ पत्रा कधीच गळून पडला होता, नदीच्या पात्रातल्या एका गोट्यानं ऑइलचं चेंबर फोडलं, गाडीत गाणी चालू, हिला पत्ताच नाही. ऑइल गळत गळत इंजिन जाम. गाय अडलेली होती म्हणून ही दोरखंड खांद्यावर टाकून सात किलोमीटर चालत गेली, तोवर गाईनं वाट न बघता आपलं आपण उरकून घेतलं होतं. हे ती हसत सांगते. त्याआधी तिनं रस्त्यात बसून बापाला नऊ वेळा फोन लावला, हे ती सांगत नाही. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "ग्राइंडर चालू होता गं." ती म्हणाली, "हो, मला वाटलंच."

ग्राइंडर चालू नव्हता. डबा खात होतो मी. फोन डब्याच्या शेजारी होता, पालथा, आणि मी लोणच्याची फोड चोखत विचार करत होतो की आज किती शांत आहे…

भिंत पांढरी झाली. मग विझली. मग परत पांढरी.

त्यानं वळून बघितलं. मुलगी गाडीत बसली होती आणि हेडलाइट मारून त्याला बोलवत होती. दोनदा. थांबून परत दोनदा. तो टेप हातात धरून उभा राहिला. दोनदा. जेवायच्या वेळेला. बल्ब, होल्डर, पॅनेल… आणि बायको स्टुलाशेजारी उभी राहून स्क्रू हातात देत होती, सहा महिने, न हसता!

तो गाडीपाशी गेला. "हे लाइटचं कुणी शिकवलं तुला?"

"आईनं," ती म्हणाली. "तुम्ही वायरिंग बदलायच्या आत मी सांगणार होते."

रागवावं असं त्याला वाटलं. तोंड उघडलं तर भलतंच निघालं. "लोखंड लावतोय."

"आणि वजन?"

"एक दोरखंड कमी ने. दगड लागला की वाजलं पाहिजे. कळलं पाहिजे."

"कुणाला?"

"तुलाच. मला काय कळणार आता."

ती स्टिअरिंगवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "फोन खिशात ठेवत जा, बाबा. थरथरता. मी मेसेज करीन."

त्या नऊ वेळांबद्दल बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, ग्राइंडर या शब्दानंच सुरू होणारं. पण ती उतरून लोखंडाचं एक टोक उचलायला गेलीसुद्धा, आणि दुसरं टोक कुणीतरी उचलायला हवंच होतं. हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. जुना पत्रा काढल्यावर गाडीचं पोट दिसतं तसं वाटत होतं — सगळ्या नळ्या उघड्या, आणि खाली जमीन फारच जवळ.

दुपारभर काम केलं. कापलं, वाकवलं, ऑइल काढायचं भोक बरोबर नटाखाली पाडलं. ते विसरणारे महाभाग याच रस्त्यावर तीन आहेत. खालचे चार बोल्ट सरळ गेले. वरचे दोन चाकाच्या बाजूच्या फटीतून हात घालून आवळावे लागतात, एका हातात टॉर्च, एका हातात तेरा नंबरचा पाना. मध्येच पाना तिथंच पत्र्यावर ठेवून घाम पुसला. शेवटी मुठीनं पत्रा ठोकून बघितला. हाताला तरी अस्सल लागला.

मुलगी निघाली. गाडी रस्त्याला लागली तशी माणसं वळून बघायला लागली, पंक्चरवाला उठून उभा राहिला, पेंटर तर ब्रश हलवत गाडीमागे धावला. एवढं कौतुक या रस्त्यानं त्याचं कधी केलं नव्हतं. त्यानंही हात हलवला.

खिशात फोन थरथरला. मुलीचा मेसेज, चौकातून : बाबा, पत्रा फारच बोलतोय.

त्यानं तो दोनदा वाचला. मग आत जाऊन हत्यारं फळीवर लावायला घेतली. दहा नंबर लावला, अकरा लावला, बारा लावला. तेराची खिळ्यावरची जागा रिकामी होती.